सतरा टिंबांचं बिऱ्हाड

माणूस जातो, त्याचं लिहिलेलं मागं राहतं. हे वाक्य मी लिंबायतच्या आमच्या मंडळाच्या सात शोकसभांत उभं राहून म्हटलेलं आहे. सातांपैकी पाचांना सहीसुद्धा येत नव्हती, आणि उरलेल्या दोघांनी जे लिहून ठेवलं होतं ते मागं राहू नये म्हणून त्यांच्याच घरच्यांनी बरीच खटपट केली होती. तरी सातही वेळा लोकांनी माना हलवल्या. आठव्या वेळी, म्हणजे माझ्या स्वतःच्या मुलीच्या, हर्षदाच्या वेळी, मला बोलायला उभं केलं तेव्हा घशातून नुसता खाकरल्यासारखा आवाज आला आणि मी खाली बसलो. त्यामुळं ते वाक्य तेव्हा बचावलं. ते आज गेलं. रविवारी सकाळी साडेनऊला, आमच्या पुढच्या खोलीत, पंख्याखाली.

गेलं ते असं. हर्षदाच्या ऑफिसातला गोपाल तिचा सगळा कारभार नव्या लॅपटॉपवर बसवून द्यायला आला होता. मी त्याच्या हातात डिस्क दिली, त्यानं ती जोडली, काळी खिडकी उघडली, दोनचार अक्षरं ठोकली आणि म्हणाला, "काका, एक मिनिट हं." मग तीच अक्षरं पुन्हा ठोकली. खिडकीत सतरा नावं एकाखाली एक उभी होती आणि सतराच्या सतरा लाल होती. मला वाटलं, नव्या मशीनची रंगसंगती असेल.

"आमां तो कंई नथी," गोपाल म्हणाला. तो मूळचा शिरपूरकडचा, पण जन्म इथला. अडचणीत आला की गुजरातीत शिरतो. तो बाहेर यायची मी वाट पाहिली. "म्हणजे, ह्यात काही नाही काका. ह्या नुसत्या लिंका आहेत. मूळ फोल्डर कुठंय? कोठार नावाचं?"

"नावं आहेत की सतरा. मी मोजून आणलीत."

"नावंच आहेत." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. "लिंक म्हणजे दारावरची पाटी समजा. पाटीवर नाव असतं, माणूस घरात असतो. तुम्ही... पाट्या काढून आणल्या काका."

आणि घर मी बारा दिवसांपूर्वीच पाडून आलो होतो. आत माझी बायको उषा चहा टाकत होती. चहा झाला की ती बाहेर येणार, स्टुलावर बसणार, पदर सारखा करणार आणि "वाचा" म्हणणार, हे मला ठाऊक होतं. बारा दिवस तिनं कळ काढली होती. आज गोपाल येणार म्हणून तिनं सकाळीच वेणी घातली होती.

मी चाळीस वर्षं लूमवर सांधणी केली. बीम, म्हणजे ताण्याच्या तारांचा रूळ, संपत आलं की मागं नवं बीम चढवायचं, आणि जुन्या प्रत्येक तारेच्या शेपटाला नव्या तारेचं टोक गाठायचं. चार हजार तारा तर चार हजार गाठी. बोटांना राख लावायची, दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, पुढची. तोंडानं देशाचं राजकारण मात्र चालू. मोजदाद जुळली आणि सगळ्या गाठी फणीतून सुखरूप पार झाल्या की जुन्या कापडाचं शेपूट कात्रीनं कापून कोपऱ्यात टाकायचं. त्याचं कुणाला काही वाटत नाही, त्याला कुणी नाव ठेवत नाही. आता ते काम मशीन करतं आणि मी मंडळाचा उपाध्यक्ष आहे. पण बोटं विसरत नाहीत. बारा दिवसांपूर्वी हर्षदाच्याच जुन्या कागदावरची आज्ञा बघून बघून टाइप करत मी तिची नावं डिस्कवर घेतली. जुन्यावर सतरा, डिस्कवर सतरा. दोनदा मोजली. जुन्या मशीनवर 'कोठार' नावाच्या फोल्डरात पुन्हा तीच सतरा नावं दिसली, फक्त आधीचं टिंब नसलेली. मी म्हटलं, पोरीनं एकच माल दोन ठिकाणी भरून ठेवलाय. इथं तारा जुळल्यात, गाठी पार झाल्यात, आता शेपूट कशाला वागवायचं. लॅपटॉप पिशवीत घातला आणि वाल्मिकच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिला. उषाच्या बहिणीच्या मुलीला कॉलेजसाठी तो हवा होता. "पडदा बदल, आणि पार कोरा कर," मी वाल्मिकला म्हटलं. परत येताना मला बरं वाटत होतं. दहा महिन्यांत पहिल्यांदाच एखादं काम नीट हातावेगळं केल्यासारखं. रिक्षातून उतरून मी उसाचा रस प्यालो. त्यात लिंबू जास्त झालं होतं आणि मी रसवाल्याला तसं सांगितलंही, इतका मी त्या दिवशी माणसांत होतो.

आता ही टिंबं काय, हे मला तरी कुठं माहीत होतं. हर्षदा पर्वत पाटिया भागात साड्यांची डिझाइनं काढणाऱ्या एका ऑफिसात मशीनं सांभाळायची. डिझाइन काढणारे वेगळे, ही त्यांची मशीनं चालती ठेवणारी. एका रविवारी मी विचारलं, तू दिवसभर काळ्या पाटीवर काय खरडतेस, तर तिनं मला शेजारी बसवलं. म्हणाली, आबा, मशीनवर काम करणाऱ्याच्या सवयी असतात. कुठला रंग हवा, कुठला लांबलचक हुकूम दोन अक्षरांत आटपायचा, चुकून काही पुसायला गेलं तर आधी विचारायचं की नाही. त्या सवयी बारक्या बारक्या फाइलींत लिहून ठेवतात आणि नावाआधी टिंब देतात. टिंब दिलं की फाइल सहसा दिसत नाही. मी म्हटलं, म्हणजे लाजरी. ती म्हणाली, नाही, घरातली. नवीन मशीन आलं की ह्या सगळ्या सवयी पुन्हा एकेक करून लावायचा तिला कंटाळा, म्हणून तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'बिऱ्हाड'. 'बिऱ्हाड मांड' म्हटलं की तो विचारायचा, कुठं उतरलात? घरच्या मशीनला तिनं नाव दिलेलं दोंडाईचा, ऑफिसच्या मशीनला नंदुरबार. त्यातलं एक सांगितलं की तो कोठारातली फाइल न फाइल जागच्या जागी लावायचा आणि शेवटी लिहायचा: बिऱ्हाड मांडलं, चहा टाका. जिथं लावायचं तिथं आधीच कुणाची फाइल असली तर ती तो फेकत नसे. नावापुढं 'जुनं' लिहून बाजूला ठेवत असे. मी विचारलं, हे कशाला, उडवून टाकायचं. तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला ते बघणं आज गोपालच्या खांद्यावरून त्या लाल नावांकडं बघताना जसंच्या तसं दिसलं. "आबा, दुसऱ्याचं सामान आहे ते," ती म्हणाली होती. आम्ही एकोणीस वर्षांत पाच खोल्या बदलल्या. चौथ्या खोलीवर पोचलो तेव्हा आधीच्या भाडेकऱ्याचा पाळणा तिथं राहिलेला होता आणि मी तो गच्चीवर नेऊन टाकला होता. ती तेव्हा सात वर्षांची असेल. तिला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग पाच दिवसांचा ताप. सहाव्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही.

दहाव्यानंतर तिचे कपडे, अंथरूण, चपला असं सगळं रीतीप्रमाणं दिलं. लॅपटॉपचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याची रीत अजून ठरलेली नाही. पंधराव्या की सोळाव्या दिवशी मी तो उघडला. नुसतं बंद कसं करायचं ते बघायला. काळी खिडकी आपोआप उघडली आणि वर एक ओळ आली. त्या खिडकीत मराठी नीट बसत नाही. काना अक्षरापासून हात-दीड हात लांब, वेलांटी भलत्याच्याच डोक्यावर, जणू मुळाक्षरांचं आपसांत भांडण झालंय. मी जुळवत जुळवत मोठ्यानं वाचलं: "वला केस लिसन कोठे चालनी?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. "कोन बोलनं?" उषा आतून म्हणाली.

ओल्या केसांनी कुठं निघालीस, हे तिचंच वाक्य होतं. रोजचं. पोरगी नऊच्या बसला पळताना मागून फेकलेलं. हर्षदानं आईची अशी बोलणी वर्षानुवर्षं एका फाइलीत टिपून ठेवली होती आणि खिडकी उघडली की त्यातलं एक, कुठलंही, वर यावं अशी सोय केली होती. ऑफिसात सुद्धा. म्हणजे तिथं एसीत बसून, सतरा गुजराती पोरांमधे, ही रोज सकाळी आईची बोलणी खाऊन कामाला लागायची. "कुलूप लायं का? लायं व्हई तं आखो एकदाव दखी ले." "दुन्यानं काय ते व्हई, तू डोकाले तेल लाव." बऱ्याचशा शिव्या होत्या. म्हणून तर तिनं ही फाइल नेटवर कुठं चढवली नाही. पेन ड्राइव्हवरून इकडची तिकडं न्यायची, आणि नेली की ड्राइव्ह कोरा करायची. "आईच्या शिव्या जगाला कशाला," म्हणायची, "आपल्यालाच पुरत नाहीत."

तेव्हापासून दहा महिने रोज सकाळी, चहा झाला की, उषा स्टुलावर येऊन बसायची. लॅपटॉपच्या बिजागऱ्या गेलेल्या. ती त्याच्या पाठीला वरवंट्याचा टेकू द्यायची. मी उघडायचो, वाचायचो. एक दिवस एक. ती कधी हसायची, कधी म्हणायची, "हाई तं मी तिले परीक्षाना दिन बोलनू व्हतू," आणि मग त्या परीक्षेचा सगळा दिवस सांगायची: डबा, पाऊस, विसरलेली पट्टी. एखाद्या दिवशी काहीच न बोलता उठून जायची. दुसरी ओळ तिनं कधी मागितली नाही. मी एकदा म्हटलं, आणखी एक बघू, तर म्हणाली, "उद्या काय खाशीन?" मग पडद्यावर उभ्या रेघा यायला लागल्या, अक्षरं रेघांमागं जायला लागली, आणि मी ह्या बाबतीत पुढाकार घेतला.

"ऑफिसच्या मशीनवर असेल," मी गोपालला म्हटलं. आवाज बेताचा ठेवून. "नंदुरबारला."

गोपालनं चष्मा पुन्हा घातला, पुन्हा काढला. "काका, ते मशीन मीच कोरं केलं. नियम आहे, महिन्याभरात दुसऱ्याला द्यावं लागतं. तुम्हाला फोन केला होता मी." केला होता. आठवलं. मी गॅलरीत उभा होतो, खाली कुणीतरी बीम चढवलेली हातगाडी ढकलत होतं. काका, दीदीचं पर्सनल काही राहिलंय का इथं, त्यानं विचारलं होतं, आणि मी, मंडळाच्या उपाध्यक्षाच्या आवाजात, म्हटलं होतं, "सगळं घरी आहे." गोपालनं तरी एक दिवस थांबून मग पुसलं होतं. ते त्यानं आता सांगितलं, जणू तो एक दिवस तरी त्याला माझ्या पदरात घालायचा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. तिशीचा मुलगा, रविवार सोडून आलेला, इस्त्रीचा शर्ट. त्यानं तिला ताई म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, दीदी म्हणायला त्यानं ती गेल्यावरच सुरुवात केली, हेही माझ्या आत्ताच लक्षात आलं, आणि ते मी त्याच्या लक्षात येऊ दिलं नाही.

वाल्मिकला फोन लावला. दुकानात भजनाची कॅसेट लावल्यासारखा आवाज. "वाल्मिक, तो लॅपटॉप..."

"काका, त्याचं टेन्शनच नका घेऊ," वाल्मिक म्हणाला. "तुम्ही कोरा म्हटला ना, तीन-तीनदा पुसलाय. एक अक्षर सापडणार नाही कोणाच्या बापाला. गॅरंटी."

"छान," मी म्हटलं, कारण माणूस मन लावून काम करतो तेव्हा तसं म्हणावं लागतं, आणि फोन ठेवला.

सतरा नावांत सर्वांत वर आई. इंग्रजी अक्षरांत, आधी टिंब. आणि तिच्या खालोखाल आबा. आधी टिंब.

हे मी उषाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ती दुसरी फाइल मी दहा महिन्यांत उघडली नाही. बाकीच्या पंधरा यंत्राच्या होत्या, त्यांच्याशी माझा संबंध नव्हता. पण ही मी रोज बघायचो आणि रोज ठेवून द्यायचो. आधी वाटलं, उषाच्या ओळी संपल्या की उघडू. मग कळलं की त्या संपणार नाहीत, दोनशेच्या वर होत्या आणि फिरून फिरून येत होत्या, आणि मला ते कळून सुटल्यासारखं वाटलं. भीती अशी की तीत काय असणार. मी घरात काय बोललो होतो? चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायचो, संध्याकाळी मंडळात बोलायचो, शोकसभांत तर मला आवर्जून बोलवायचे. घरी येईतो बोलणं संपलेलं असायचं. घरी मी "हं" म्हणायचो. पोरीनं आईच्या फाइलीसारखी बापाचीही फाइल काढली असणार, तिला सगळं रांगेनं लावायची सवय. आणि मग वर्षानुवर्षं ती कान देऊन बसली असणार, आणि फाइलीत काय पडलं असणार? दोनशे वेळा 'हं'? की काहीच नाही, नुसतं नाव देऊन ठेवलेली, कधीतरी बोलतील म्हणून? की एखादं असं काही मी बोललो होतो, तिच्या लहानपणी, ताप असताना, सायकल शिकवताना, जे मला आठवत नाही आणि तिला होतं? मी आठवायचा प्रयत्न केला. मला सायकलची चेन आठवली. तेल आठवलं. माझं तोंड हलताना दिसलं, आवाज नाही.

"गोपाल," मी म्हटलं, "ही दुसरी आहे ना. हिच्यात काही होतं की रिकामी होती, एवढं कळतं का?"

त्यानं खरंच बघितलं. दोन वेगवेगळ्या आज्ञा देऊन बघितलं. "पाटीवरून ते नाही कळत काका," तो म्हणाला.

उषा चहा घेऊन आली. गोपालला कप दिला, बशीत दोन टोस्ट जास्त ठेवलेले, मला दिला, आणि स्टूल ओढून बसली. पदर सारखा केला. नव्या लॅपटॉपला टेकू लागत नाही हे बघून वरवंटा तिनं भिंतीशी ठेवला. "व्हयनं का सुरू?" तिनं विचारलं. गोपाल कपात बघत राहिला.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. लाल नावांवर नजर ठेवून, मधे अडखळून, काना लांब पडल्यासारखं करून, मी वाचलं: "चहा थंडा व्हई राहयना, मंग म्हनशीन मायनी सांगं नही." मला ते बरं जमलं असं वाटलं. अहिराणी माझीही आहे.

उषानं स्टूल जरा पुढं ओढलं. "हाई मी नही बोलेल," ती म्हणाली.

"तू कधी काय बोललीस ते तुला थोडंच आठवतंय?"

"याद नही. पन मी कोठे 'मंग'नी वाट दखस? माले जे बोलनं ते मी तवयच बोलस." ती माझ्याकडं वळली. "हाई तुमी बोलनात."

तेव्हा मी सांगितलं. सतरा नावं, कोठार, वाल्मिक, सगळं. सभेत बोलतो तसं क्रमानं बोलायला गेलो, पण ते तीन-चार वाक्यांतच संपलं. मी पुसलं, एवढंच होतं ते.

"समदं?"

"समदं."

"शिव्या बी?"

"शिव्या बी."

तिनं मान हलवली. सातही शोकसभांत लोकांनी हलवली होती तशी नाही; कुणी पत्ता सांगितल्यावर आपण हलवतो तशी.

"काकी, ऑफिसचं मी पुसलं," गोपाल म्हणाला. "माझीपण चूक आहे."

"तू चहा पे, भाऊ."

त्यानं एका घोटात कप रिकामा केला आणि लॅपटॉप जवळ ओढला. त्याचा आवाज जरा चढला होता. "काकी, असं करू. तुम्ही सांगा, मी लिहितो. जेवढं आठवतं तेवढं. नवी फाइल करू, तशीच सोय करून देतो, रोज एक येईल." त्यानं कोरी खिडकी उघडली. एका कोपऱ्यात बारकी उभी रेघ उघडझाप करत होती. बोटं तयार ठेवून तो तिच्याकडं बघू लागला, आणि मीही. एकतीस वर्षं ही बाई माझ्या घरात बोलत होती. दुधावर, उन्हावर, माझ्या शर्टाच्या खिशावर, पोरीच्या चालण्यावर. तिनं तोंड उघडलं. मला तिचे पुढचे दोन दात दिसले, त्यातला एक जरा तिरका, तसाच हर्षदाचा होता. तोंड तसंच उघडं राहिलं, रेघ उघडझाप करत राहिली, आणि मग तिनं ते मिटलं.

"माले इचारीसन कोन बोलाडं कधी?" ती म्हणाली. विचारून तिला कधी कुणी बोलतं केलं नव्हतं, ते खरंच. गोपालनं ते लिहायला बोटं हलवली, तशी तिनं हातानंच त्याला थांबवलं. "मी बोलू, आनि इसरी जाऊ. ठेवी ले ती. मनं बोलनं मनापाशी नव्हतंच, भाऊ. तिनापाशी व्हतं."

गोपालनं चष्मा काढला तो ह्या वेळी पुसला नाही. मला वाटलं, आता कुणीतरी काही म्हटलं पाहिजे, आणि ह्या घरात तशा प्रसंगाचा अनुभव असलेला माणूस मीच आहे. मी शब्द शोधले. चांगले दोन-तीन शब्द सापडलेही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून पुढं झुकलो, पण ती तोवर उठली होती. कप गोळा करून आत गेली. नळाचा आवाज आला, बराच वेळ, कप धुवायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. मी आणि गोपाल तसेच बसून होतो, दोघांच्या मधे ती कोरी खिडकी. मग ती बादली आणि फडकं घेऊन बाहेर आली. डोळे लाल, चेहरा पाण्यानं पुसलेला. बादली खाली ठेवली, फडकं पिळलं, आणि टेबलाखाली बघत म्हणाली,

"पाय वर ल्या दोन्ही जन. फरशी पुसनी शे."